मूडीची किक आणि आमचा दादा

आत्ता दोन तासांपूर्वी मी घरात एवढ्या मोठ्यानं ओरडलो की बायको हातातली पळी तशीच घेऊन बाहेर आली. तिला वाटलं गावाकडून काही वाईट बातमी आली. मी म्हटलं, "मूडीनं मारली!" ती म्हणाली, "कोण मूडी?" आणि मला धड सांगता येईना, घसाच दाटून आला होता.

ऑक्टोबर २०२५, अमेरिकन फुटबॉलचा सामना, वॉशिंग्टन विरुद्ध शिकागो. शिकागो बेअर्स २४-२२ नं मागं, घड्याळात शेवटचे काही सेकंद, ३८ यार्डांवरून फील्ड गोल, म्हणजे लाथेनं बॉल दोन उंच खांबांमधून घालवायचा, तीन गुण. आणि मारायला उभा कोण, तर जेक मूडी. आपल्या नायनर्सनी, म्हणजे सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनायनर्सनी, महिन्याभरापूर्वी नारळ दिला तोच मूडी. शिकागोनं त्याला सरावाच्या तुकडीतनं वर घेतलेलं, त्यांचा नेहमीचा किकर जखमी म्हणून. याच सामन्यात आधी त्याची एक किक अडवली गेली होती. उभं राहताना त्याच्या डोक्यात काय चाललं असेल, विचार करा. आणि बॉल दोन्ही खांबांच्या मधून गेला. २५-२४. सगळा संघ त्याच्या अंगावर.

मी डोळे पुसतोय तोवर फोन थरथरायला लागला. आपला बे एरियातला नायनर्सचा व्हॉट्सॲप ग्रुप. सगळी मराठी माणसं, सगळी माझ्या ओळखीची, बहुतेकांच्या घरी मी जेवलोय. पहिला मेसेज: "आमच्याकडं असताना पाय मोडला होता काय याचा?" दुसरा: "साला पनवती, दुसऱ्याकडं गेल्यावर बरं जमतं." मग कुणीतरी यादी टाकली, आपल्या संघानं ड्राफ्टमध्ये केलेल्या घोडचुका. त्यात मूडी, ट्रे लान्स, किनलॉ, सॉलोमन थॉमस. प्रत्येकाच्या फोटोवर लाल फुली आणि खाली हसणारी तोंडं, मोजली मी, बावीस.

मी तिथं तीनदा लिहिलं आणि तीनदा पुसलं. म्हणून इथं लिहितोय. कुणाला लागलं तर लागू दे.

पहिली गोष्ट, पाय खरंच मोडल्यासारखाच झाला होता. गेल्या वर्षी ऑक्टोबरात किकऑफवर समोरचा पळत सुटला, तेव्हा हा किकर असून अडवायला गेला आणि घोटा दुखावून बसला. मधे कित्येक आठवडे बाहेर. ग्रुपवर हे कुणाला आठवत नाही. सगळ्यांना आठवतं ते एवढंच की २०२४ मध्ये ३४ फील्ड गोलांपैकी २४ मारले.

कोल्हापूरच्या मित्रांसाठी थोडं सांगतो, कारण तुम्हाला हा फुटबॉल म्हणजे हातात बॉल धरून धडका मारायचा खेळ वाटतो आणि ड्राफ्ट म्हणजे आयपीएलचा लिलाव. तसं नाही. दर एप्रिलमध्ये ३२ संघ ओळीनं बसतात, मागच्या वर्षी सगळ्यात वाईट खेळलेला पहिला, मग दुसरा, अशा सात फेऱ्या. कॉलेजातली एकवीस-बावीस वर्षांची पोरं नावानं उचलायची. संघ आपापसात नंबर विकतात, बदलतात. पोराला कुणी विचारत नाही बाबा तुला कुठल्या गावाला जायचंय. फोन आला की टोपी घालायची आणि त्या गावाला जायचं. आपण कितव्या नंबरावर उचलले जावं हेही त्याच्या हातात नसतं. पण पुढं आयुष्यभर तो नंबर त्याच्या कपाळावर.

मूडीचा नंबर ९९. २०२३, तिसरी फेरी. आता तिसऱ्या फेरीत किकर घ्यायचा नसतो, हे मलाही कळतं. त्या नंबरावर चांगला बचावाचा गडी मिळाला असता, मान्य. रॉबी गूल्डसारखा, प्लेऑफमध्ये, म्हणजे बाद फेरीत, कधी फील्ड गोल न चुकलेला किकर सोडून पोरगा आणला, तेही मान्य. झालं? पण ९९ वर मला घ्या म्हणून मूडी अर्ज घेऊन गेला होता काय?

माझा दादा पण गेला नव्हता.

ग्रुपवरच्या कुणालाच मी हे कधी सांगितलं नाही. १९९७. शाहू स्टेडियम. उपांत्य सामना, आमच्या तालमीचा संघ, समोर नुसता दुसऱ्या पेठेतला नव्हे, पिढ्यान्‌पिढ्यांचा वैरी म्हणावा असा संघ. ज्यांनी कोल्हापूरचा फुटबॉल बघितलाय त्यांना सांगायला नको. अख्ख्या पेठेला त्या दिवशी कुलूप असतं. सामना बरोबरीत, टायब्रेकर, पाचवी पेनल्टी दादाची. मी तेरा वर्षांचा, गॅलरीत काकाच्या खांद्याला धरून उभा. दादा धावत आला, आधाराचा डावा पाय मातीत सरकला आणि बॉल आडव्या खांबावरून थेट मागच्या पब्लिकमध्ये.

संपलं. तिथून पुढची सात-आठ वर्षं आमच्या घरात तीच पेनल्टी चालू होती.

दादा त्या संघात कसा आला ते ऐका. आमचा जुना गोल मारणारा गडी, पेठेचा लाडका. त्याचं आणि संघ चालवणाऱ्या मंडळींचं काहीतरी बिनसलं आणि हंगामाच्या ऐन मध्यात त्याला बसवला. त्याच्या जागी दादाला उभा केला. दादा एकवीस वर्षांचा, दिवसा उद्यमनगरात लेथवर काम करायचा, संध्याकाळी खेळायचा. तो घरी येऊन आईला म्हणाला, "आये, मला नगं वाटतंय, लोक चिडत्यात." उपांत्य सामन्याच्या आदल्या रात्री गुडघ्याला हळद लावून बसला होता. बोलवणं आलं, पाचवी तू मारायची. त्यानं सांगितलं, दुसऱ्याला द्या, गुडघा दुखतोय. त्यांनी सांगितलं, ठरलंय.

ठरवणारे कोण होते, त्यांची नावं दुसऱ्या दिवशी एकाच्याही तोंडात नव्हती. दादाचं नाव मात्र गंगावेशीच्या दूध कट्ट्यापासून रंकाळ्यापर्यंत.

आता इथं या. नायनर्सकडं २०२३ मध्ये पहिल्या फेरीचा नंबर का नव्हता? दुसऱ्या फेरीचा का नव्हता? दुसरीचा मॅकॅफ्रीला आणण्यापायी गेला, त्याबद्दल माझी तक्रार नाही, तो सोन्यासारखा खेळलाय. पण पहिल्या फेरीचे तीन नंबर, २०२१ चा, २०२२ चा आणि २०२३ चा, वर एक तिसऱ्या फेरीचा, एवढं सगळं मायामीला देऊन आपला मॅनेजर लिंच आणि कोच शनहन १२ वरून ३ वर सरकले होते. कुणासाठी, तर ट्रे लान्ससाठी, क्वार्टरबॅक म्हणून, म्हणजे बॉल फेकून सगळा खेळ चालवणारा गडी. आपल्या हक्काचा तो १२ वा नंबर फिरत फिरत डॅलसला गेला आणि त्यांनी मायका पार्सन्स उचलला. हे दुःख मलाही आहे. त्या रात्री मी पण जेवलो नाही.

पण लान्स कोण होता? वीस वर्षांचा पोरगा. नॉर्थ डकोटा स्टेटसारख्या लहान कॉलेजातला. आधीच्या वर्षी कोविडमुळं फक्त एक सामना खेळलेला. एक! हे कुणी लपवलं होतं का? सगळ्या जगाला माहीत होतं. ज्यांना लाखो डॉलर पगार हेच ओळखायला मिळतो, त्यांनी सगळं बघून, मोजून, त्याच्यावर तीन वर्षांची पुंजी लावली. मग बसवून ठेवला. मग २०२२ मध्ये खेळवला आणि दुसऱ्याच सामन्यात त्याचा घोटा मोडला.

त्या दिवशी मी लीव्हाइज स्टेडियममध्ये होतो. गाडीवर घालून त्याला नेत होते आणि आमच्या ओळीतला एक जण, मराठीच, म्हणाला, "बरं झालं, आता जिमी येईल." जिमी म्हणजे आधीचा क्वार्टरबॅक. मी काही बोललो नाही. का बोललो नाही याचा मला आजही राग येतो. त्या पोराचा पाय वाकडा दिसत होता आणि आम्ही नाचोज खात होतो.

ऑगस्ट २०२३ मध्ये लान्सला डॅलसला देऊन टाकलं, चौथ्या फेरीच्या एका नंबरावर. पुढच्याच महिन्यात लिंच आणि शनहनचे करार वाढले. यादीत फुली कुणाच्या फोटोवर? लान्सच्या.

आणि मला सगळ्यात जास्त कशानं संताप येतो सांगू? ब्रॉक पर्डी. हाही क्वार्टरबॅक, २०२२ चा शेवटचा नंबर, २६२. पर्डी चालला तेव्हा आपल्या ग्रुपवर काय पोवाडे गायले गेले! लिंचची नजर बघा, शनहनचं डोकं बघा. अरे, त्या वर्षी आपल्याकडं नऊ नंबर होते. त्यातल्या आठ वेळा पर्डी समोर असताना आपण दुसऱ्याचं नाव घेतलं. नजर होती तर आठ वेळा कुठं गेली होती? पोरगं चाललं की श्रेय निवडणाऱ्याचं, आणि चुकलं की दोष पोराचा. हा कुठला न्याय? तुमच्या ऑफिसात तुमच्या मॅनेजरनं असं केलं तर तुम्ही इथंच चार पानी पोस्ट लिहाल. लिहिलीय एकानं, नाव घेत नाही.

जरा पाणी पिऊन आलो.

काल दुपारी फ्रीमाँटला एका मित्राच्या घरी सगळे जमलो होतो, आपला टॅम्पाशी सामना. वहिनींनी वडे तळले होते. आपल्या फ्रेड वॉर्नरचा घोटा गेला आणि खोलीत कुणी आवाज केला नाही. वडे तसेच गार झाले. ३०-१९ नं हरलो. त्या शांततेतसुद्धा तासाभरानं विषय कुठं आला, तर यंदाच्या मायकेल विल्यम्सवर. ११ व्या नंबरावर याला कशाला घेतला, दुसरा कोण कोण होता. पोरगं एप्रिलमध्ये आलंय, ऑक्टोबर चालू आहे! वॉर्नर स्वतः ७० वा होता २०१८ ला, तेव्हा तरी कुणाला माहीत होतं आज त्याच्यासाठी आपण सुतक धरणार म्हणून?

आणि टॅम्पाच. गेल्या नोव्हेंबरात त्याच मैदानावर मूडी तीन वेळा चुकला होता. त्याच्याच संघातला डीबो त्याच्यावर खेकसला, मधे पडायला आलेल्याला हात लागला, सगळ्या देशानं टीव्हीवर बघितलं. आणि मग शेवटच्या सेकंदाला त्याच मूडीनं ४४ यार्डांवरून मारून सामना जिंकून दिला, २३-२०. मला त्या वेळी त्याचा चेहरा आठवतो. जिंकल्याचा आनंद नव्हता त्यावर. सुटलो एकदाचा, असं काहीतरी होतं.

तो चेहरा मी आधी बघितला होता.

पेनल्टीनंतर दादा पेठेतून जायचा बंद झाला. उद्यमनगरला जायला मागच्या बोळातनं सायकल काढायचा, दहा मिनिटं लांब पडायचं. गल्लीतली शेंबडी पोरं त्याला "ए पेनल्टी" म्हणायची. दुकानदार सुटे पैसे देताना म्हणायचा, "धर नीट, वरनं जाईल." लोक हसायचे, दादा पण हसायचा. त्याचे बूट आईनं माळ्यावर टाकले. दर सामन्यानंतर ती स्वतः ते पुसायची, आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून उन्हात ठेवायची. त्या दिवशीचे मात्र तसेच वर गेले. पुढं २००४ मध्ये रंगकाम निघालं तेव्हा मी माळ्यावर चढलो, तर डाव्या बुटाच्या खिळ्यांमध्ये स्टेडियमची माती तशीच होती, दगडासारखी. मी नखानं काढायला लागलो तर आई खालून म्हणाली, "ठेव ते."

त्याच वर्षी त्याचं लग्न झालं. सात वर्षं झाली होती. वरातीत, बँडवाले थांबले असताना, एक जण घोड्याजवळ येऊन म्हणाला, "नवरदेव, आज तरी वरनं घालवू नगंस." सगळी वरात हसली. नवी वहिनी विचारत होती काय झालं म्हणून.

म्हणून मला "गंमत असते रे, खेळाडूंनी एवढं मनावर घ्यायचं नसतं" हे सांगू नका. मी गमतीच्या घरात वाढलोय.

आता तुम्ही म्हणाल, त्यांना पैसे मिळतात. मिळतात. तुझ्या दादाला काय मिळत होतं, सामन्यानंतर मिसळ आणि चहा. खरं आहे. ज्याला कोटींनी मिळतात त्यानं ऐकून घ्यावं, यात थोडं तथ्य आहे, मी नाही म्हणत नाही. पण सुपर बोलच्या, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्याच्या, त्या एका अडवलेल्या जादा गुणावरून आजही मूडीच्या नावानं खडे फोडता, तर त्याच सामन्यात त्यानं ५५ यार्डांवरून मारलेली, तोवरच्या सगळ्या सुपर बोलमधली सर्वांत लांबची किक तुम्हाला का आठवत नाही? चौथ्या क्वार्टरमध्ये दोन मिनिटं राहिलेली असताना ५३ वरून मारून आपल्याला पुढं नेलं कुणी? पहिल्याच वर्षाचा पोरगा होता तो. तो गुण झाला असता तर समोरच्या चीफ्सना फील्ड गोल पुरला नसता, बॉल शेवटच्या रेषेपार नेऊन टचडाउनच करावा लागला असता, हे गणित मला पाठ आहे, मी पण शंभरदा मांडलंय. पण आपण २५-२२ नं हरलो, तो आकडा एकट्या मूडीनं लिहिलेला नाही.

आणि त्याला काढायचं तर काढा. यंदा सिॲटलला २७ यार्डांवरून खांबाला लागली, दुसरी अडवली गेली, दोन दिवसांत काढला. मी स्वतःच्या मनाशी म्हटलं होतं, बरोबर केलं. धंदा आहे तो. मी कोच असतो तरी काढला असता. माझं भांडण त्याला काढण्याशी नाही. ज्यांनी ९९ वर घेतला त्यांना धारेवर धरा, मी तुमच्याबरोबर आहे, रोज धरा. १०१ वर जो टाइट एंड, म्हणजे बॉल झेलणारा आणि अडवणारा गडी, घेतला तो आपल्यासाठी लीगचा एक सामना खेळला नाही, त्याचा जाब विचारा लिंचला. २०२० ला १३ वा नंबर टॅम्पाला देऊन १४ वर किनलॉ घेतला आणि टॅम्पानं त्या १३ वर ट्रिस्टन वर्फ्स नेला, त्याबद्दल विचारा. बोला की तासन्‌तास, मी पण बोलतो, मला आवडतं ते. ड्राफ्टच्या तीन दिवसांत मी घरात कुणाशी बोलत नाही. फक्त त्या पोरांच्या तोंडावर फुल्या मारू नका. त्यांच्या आया बघत असतात.

आता जे लिहायचं नव्हतं ते लिहितो.

पेनल्टीच्या दुसऱ्या दिवशी शाळेत मला पोरांनी घेरलं. बेंचवर खडूनं गोलपोस्ट काढलं होतं आणि वर एक बॉल. मी रडत घरी आलो. दादा पायरीवर बसून गुडघा शेकत होता. मी दप्तर टाकलं आणि त्याला म्हटलं, "तू कशाला मारलीस? येत न्हाई तर कशाला मारायची?" तो काही बोलला नाही. मी आठ दिवस त्याच्याशी बोललो नाही. तेरा वर्षांचा होतो म्हणून सोडून देता येत नाही मला. पेठेतल्या लोकांनी काय म्हटलं ते तो कदाचित विसरला असेल. मी काय म्हटलं ते नाही विसरला, मला माहीत आहे. अठ्ठावीस वर्षांत आम्ही त्यावर एक शब्द बोललो नाही.

मघाशी, लिहायला बसायच्या आधी, मी त्याला मूडीच्या किकचा व्हिडिओ पाठवला होता. खाली लिहिलं होतं, ह्याला आमच्या संघानं काढलावता, आज ह्यानं जिंकून दिलं. हा खेळ त्याला कळत नाही, नियम माहीत नाहीत, मी कधी काही पाठवत पण नाही. इथवर आलो तेव्हा त्याचा फोन आला. तिकडं साडेदहा झालेले, मागं लेथचा आवाज.

म्हणाला, "बघितलं. दोनदा बघितलं."

मी म्हटलं, "कसा मारला?"

थोडा वेळ नुसताच लेथचा आवाज. मग म्हणाला, "आधाराचा पाय बघ त्येचा. हाल्ला न्हाई. बॉलच्या बगलंला असा ठेवलाय, खिळा मारल्यागत."

मी म्हटलं, "दादा, तुझा गुडघा दुखत होता त्या दिवशी. मला माहीत होतं."

तो म्हणाला, "व्हय." मग लेथ बंद केल्याचा आवाज आला. "जेवलास का तू?"